टॅब आला, पण डोकं कोण चालवतंय?

प्रश्न: ‘आमच्या शाळेत यंदा सातवीच्या प्रत्येक मुलाला टॅब मिळाला. मी दोन वर्षांपासून गणित शिकवतो. मुलं खूश, पालकही खूश. पण घटक चाचणीतले गुण होते तिथेच आहेत. डिजिटल साधनांमुळे शिक्षण खरंच बदलतंय, की फळ्याच्या जागी स्क्रीन आली एवढंच? आणि गृहपाठ एआय करून देत असेल, तर आम्ही तपासायचं काय?’

सर, गुण हलले नाहीत म्हणून खचून जाऊ नका. मी २४ वर्षं गणित शिकवतेय. त्यातली शेवटची १२ वर्षं वर्गात कुठलं ना कुठलं डिजिटल साधन आहे, आणि पहिली दोन वर्षं माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं. टॅबमुळे माहिती मुलांपर्यंत पोचायची वाट बदलते. ती डोक्यात रुजायची रीत मात्र जुनीच राहते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली मांडलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर पुसलं जातं, आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. स्क्रीनवर शिकणाऱ्या मुलाची आठवणही याच नियमाने चालते. म्हणून कुठलंही ॲप, कुठलाही व्हिडिओ समोर आला की मी आधी एवढंच बघते: इथे डोकं कोण चालवतंय, मूल की यंत्र?

मग काहीच बदललं नाही का? बदललं, आणि खूप बदललं. पण तो बदल नेमका कुठे आहे हे समजायला एक तास जरा सविस्तर सांगते.

सहावीचा वर्ग, ३८ मुलं, दशांश अपूर्णांक. टॅबवर प्रश्न टाकला: ०.६ मोठा की ०.४५? दोन मिनिटांत सगळ्यांची उत्तरं माझ्यासमोर. २१ मुलांनी ०.४५ निवडला होता. ही चूक तुम्हीही पाहिली असेल. मुलं दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. ४५ हे ६ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ मोठा. उरलेल्या १७ जणांपुढे हिरवी खूण. एरवी मी त्या १७ जणांना ‘यांना येतंय’ म्हणून सोडलं असतं आणि २१ जणांकडे वळले असते. त्या दिवशी मी दुसरा प्रश्न तयार ठेवला होता: ०.३ मोठा की ०.५७? हिरवी खूण मिळालेल्यांपैकी चौघांनी ०.३ निवडला.

त्यातली एक मुलगी वर्गातली हुशार. तिला जवळ बोलावून विचारलं, ‘का गं?’ ती म्हणाली, ‘मॅडम, दशांश मोठा असतो, शतांश लहान असतो. म्हणून ज्याच्यात चिन्हापुढे कमी अंक, तो मोठा.’ तिच्या बोलण्यात अर्धं खरं होतं. एक दशांश हा एक शतांशापेक्षा मोठाच असतो. असे किती घेतलेत ते मोजायचं ती विसरली होती. पहिल्या प्रश्नात याच नियमाने तिचं उत्तर बरोबर आलं आणि यंत्राने तिला पास केलं. मी तिला चौकटीचा कागद दिला, दहा बाय दहाचा चौरस आखायला लावला. एका चौरसात तीन रकाने रंगव, दुसऱ्यात सत्तावन्न घरं रंगव. दुसऱ्या चौरसाचा चौथा रकाना रंगवताना ती थांबली, पहिल्या चौरसाकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपलं उत्तर खोडलं.

या तासात टॅबने काय केलं आणि काय नाही केलं, ते बघा. ३८ मुलांची विचार करायची पद्धत दोन मिनिटांत माझ्यापुढे मांडली. पूर्वी हेच कळायला वह्या गोळा करायच्या, घरी न्यायच्या, तपासायच्या; कळेपर्यंत गुरुवार उजाडायचा आणि वर्ग दशांशांच्या गुणाकारावर गेलेला असायचा. चूक होणं आणि ती कुणाच्या तरी लक्षात येणं यातलं अंतर चार दिवसांवरून दोन मिनिटांवर आलं. माझ्या मते डिजिटल साधनांनी वर्गाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पण ०.३ आणि ०.५७ ही जोडी मी निवडली होती. ती निवडली नसती, तर ती चार मुलं हिरव्या खुणेआड लपून पुढच्या इयत्तेत गेली असती. समज आली ती चौकटीच्या कागदावर.

चूक लगेच दाखवावी ही कल्पना नवी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकातच प्रश्न विचारून उत्तर तपासणारं यंत्र बनवलं होतं. तिथलेच दुसरे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले, तेव्हा त्यांना हेच खटकलं की मुलं गणित सोडवतात, पण आपलं बरोबर की चूक हे त्यांना तेव्हाच्या तेव्हा कळत नाही. त्यातून त्यांचं शिकवणारं यंत्र आलं. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकावर शिकवणारी व्यवस्था सुरू झाली. थॉमस एडिसनने तर १९१३ सालीच सांगून टाकलं होतं की चित्रपटामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. दर वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी आता वर्ग पार बदलणार असं म्हणतं. यंत्र स्वस्त आणि वेगवान झालं, ही आजची खरी भर आहे. त्याला कोणता प्रश्न विचारायला लावायचा, हे काम तेव्हाही शिक्षकाचं होतं आणि आजही आहे.

आता तुमचे गुण का हलले नसावेत, त्याकडे वळते. तुमच्या वर्गात टॅबचा जास्त वेळ व्हिडिओ बघण्यात जात असेल, असा माझा अंदाज आहे. बहुतेक ठिकाणी तसंच होतं, कारण तेच सगळ्यात सोपं असतं. चांगला व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. समोरचा माणूस गणित सहज सोडवतो, ती सहजता आपल्यात आली असं मुलाला वाटतं. व्हिडिओ बंद करून कोरा कागद पुढे ठेवला की दुसऱ्याच ओळीला गाडी अडते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता जेवढं आठवतं तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ५६ टक्क्यांवर राहिले. लगेच घेतलेली परीक्षा कशी चकवते ते पाहा. व्हिडिओ संपल्या संपल्या जी चार प्रश्नांची चाचणी येते आणि जिच्यात सगळी मुलं उत्तम गुण मिळवतात, ती याच पाच मिनिटांच्या परीक्षेसारखी आहे. त्या गुणांवर विसंबू नका. तेच प्रश्न पुढच्या सोमवारी, न सांगता, पुन्हा टाका. टॅबचा खरा उपयोग इथे आहे. ३८ मुलांना ३८ वेगवेगळ्या दिवशी त्यांच्या त्यांच्या जुन्या चुका पुन्हा विचारणं माझ्याच्याने कधीच झालं नसतं. यंत्राला ते जमतं.

व्हिडिओ दाखवूच नका असं मी म्हणत नाही. थांबवता येणं, मागे नेता येणं ही मोठी सोय आहे; ज्याला तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, त्या मुलासाठी तर फारच. पण तुकडे लहान ठेवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या जवळपास ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारा साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असं दिसलं. मी तीन-चार मिनिटांवर थांबवते, स्क्रीन पालथी घालायला लावते आणि म्हणते, ‘आत्ता काय झालं ते वहीत तीन ओळींत लिहा.’ पहिले काही दिवस मुलं कुरकुरतात. मग व्हिडिओ बघतानाच कान टवकारून बसतात, कारण पुढे लिहायचंय हे ठाऊक असतं.

नुसती यंत्रं वाटून काय होतं, याचा मोठा अनुभव पेरू देशाने घेतला. तिथे ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले गेले. २०१२ साली मूल्यमापन झालं तेव्हा भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक सापडला नाही. मुलांना संगणक हाताळता येऊ लागला, ही जमेची बाजू. पण शिकवण्यात काय बदलायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचं. तिथे माध्यमिक शाळेतल्या मुलांना शाळेनंतर एका केंद्रात संगणकावर सराव दिला गेला. आधी चाचणी घेऊन मूल नेमकं कुठे आहे ते पाहायचं आणि तिथून सुरुवात करायची, असं ते सॉफ्टवेअर. चाचणीत दिसलं की अनेक मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी वर्षं मागे आहेत. इयत्तेचं पुस्तक त्यांच्या डोक्यावरून जात होतं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ झाली, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष फायदा झाला. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण वर्गात मधल्या मुलाला धरून शिकवतो. दुसरा इलाजही नसतो. वरची मुलं कंटाळतात, खालची गप्प बसतात. त्या गप्प बसणाऱ्या मुलाला चौथीचा भागाकार, कुणालाही न कळता, पुन्हा शिकायची संधी मिळणं हे मला फार मोलाचं वाटतं. सातवीतल्या मुलाला सगळ्यांदेखत चौथीचं पुस्तक काढायला लावलं तर तो पुन्हा तासाला बसणार नाही.

साधन भारी असावंच लागतं असंही नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगभरातले १५० कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले, तेव्हा बोट्सवानात साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. आठवड्याला एक गणिताचा संदेश आणि वीसेक मिनिटांचा एक फोन, तोही साध्या मोबाइलवर. मुलांचं अंकगणित सुधारलं. नुसत्या संदेशापेक्षा फोनचा परिणाम जास्त दिसला. पलीकडे कुणीतरी ‘मग, किती आलं उत्तर?’ असं विचारणारं होतं.

त्याच काळात माझा ऑनलाइन तास म्हणजे काळ्या चौकोनांशी बोलणं होतं. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो मॅडम’ असे पाच-सहा आवाज यायचे आणि मी पुढे सरकायचे. दीड महिन्याने चाचणी घेतली तेव्हा पोटात गोळा आला. त्यानंतर पद्धत बदलली. गणित सांगायचं, दोन मिनिटं पूर्ण शांतता, मग सगळ्यांनी उत्तराचा कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. ‘समजलं का?’ हा प्रश्न मी तेव्हापासून सोडला. आज प्रत्यक्ष वर्गातही विचारत नाही.

वाचनाचं थोडक्यात. ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या बंधनात, कागदावर वाचला तर स्क्रीनपेक्षा बरा समजतो. म्हणून लांबलचक धडा कागदावर द्या, सराव टॅबवर द्या. आणि उघडी स्क्रीन शेजाऱ्यालाही नडते. २०१३ च्या एका प्रयोगात तासाला लॅपटॉपवर दुसरंच काही करणाऱ्यांचे गुण घसरलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती त्यांचेही घसरले. टॅबचं काम नसेल तेव्हा तो दप्तरात. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

एका मुलाबद्दल मात्र सांगायलाच हवं. माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर तो धडे ऐकायचा, स्वतः टाइप करून उत्तरं द्यायचा. आधी त्याला प्रत्येक पानासाठी कुणाची तरी वाट बघावी लागायची. एकदा मी घाईत समीकरणांचे फोटो काढून पाठवले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘मॅडम, मला सगळीकडे फक्त ‘चित्र, चित्र’ ऐकू आलं.’ पाच गणितं, पाच वेळा ‘चित्र’. त्या दिवसापासून गणित फोटोत न पाठवता टाइप करून पाठवते. तुमच्या वर्गात असं मूल आज नसेल, तरी ही सवय आत्ताच लावून घ्या. ज्यांना यंत्राशिवाय दार बंदच होतं, त्यांच्यासाठी हा बदल सगळ्यात खरा आहे.

आता एआयचा गृहपाठ. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि काही महिन्यांतच वह्यांमधली भाषा बदलली. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास एक हजार मुलांवर झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर न देता फक्त इशारे देणारा दिला, काहींना फक्त पुस्तक आणि वही. साधा चॅटबॉट हाती असताना मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पुस्तकावर सराव केलेल्या मुलांपेक्षा त्यांची कामगिरी १७ टक्क्यांनी कमी भरली. इशारे देणाऱ्या चॅटबॉटने हे नुकसान जवळजवळ टळलं. पण हेही ध्यानात घ्या की तो वापरणाऱ्यांची सरावातली कामगिरी १२७ टक्क्यांनी वाढूनही परीक्षेत ती मुलं पुस्तकवाल्यांच्या पुढे गेली नाहीत. सरावातली सफाई बघून हुरळून जाऊ नये, ते यासाठीच.

एआयने लिहिलंय का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध अशा साधनांनी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले, असंही त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं. एका निरपराध मुलावर चोरीचा आळ आला की त्याचं आणि तुमचं नातं पुन्हा जुळत नाही.

मी गृहपाठाला गुण देणं थांबवलं. घरून काहीही करून आणा, कुणाचीही मदत घ्या. वर्गात मात्र मी वहीतली एक ओळ दाखवून विचारणार. ‘इथे वजाचं चिन्ह अधिक कसं झालं?’ ‘ही पायरी गाळली तर काय बिघडेल?’ एका मुलाला दीड मिनिट पुरतं. रोज सहा जण घेतले की आठवड्याभरात वर्ग जवळजवळ पूर्ण होतो, आणि बाकीची मुलं तेवढ्यात टॅबवर सराव करतात. यंत्र असल्यामुळेच हा बोलण्याचा वेळ मला मिळतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते. कधी उलटं करते: एआयने सोडवलेलं, मुद्दाम शोधून काढलेलं चुकीचं गणित फळ्यावर लिहिते आणि चूक शोधायला लावते. चुकीचं उत्तरही किती आत्मविश्वासाने मांडलेलं असतं, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की मग ती स्वतःहून पडताळू लागतात.

उद्यापासून काय करायचं, तर आठवड्यातले दोनच तास टॅबला द्या. दर वेळी दोन प्रश्न, आणि दुसरा असा निवडा की पहिल्याला चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देणारं मूल त्यात सापडेल. तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा टाका. गुणांकडे दोन घटक चाचण्या होईपर्यंत बघूच नका. आणि एक छोटी वही ठेवा. उत्तर बरोबर आलं, पण ‘का?’ विचारल्यावर ज्यांना सांगता आलं नाही, त्यांची नावं तिच्यात रोज लिहा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात अकरा नावं आली. त्यातली नऊ मुलं तोवर टॅबच्या अहवालात ‘प्रावीण्य’ या रकान्यात होती.